काकीच्या पायावरचा खळगा

परवा रोह्यातल्या माझ्या दवाखान्यात एका बाईच्या पायांना खाडीच्या चिखलाचा वास आला आणि मला ती सुट्टी आठवली. डॉक्टरकीच्या पहिल्याच वर्षी नापास होऊन, शिक्षण सोडायचं ठरवून मी धरमतरजवळच्या आमच्या गावी आले होते. घरी सांगायच्या आतच मिठागरावर काम करणारी शेजारची काकी ओल्या पायांनी अंगणात येऊन बसली.

"पाय सुजलेत गो, बघ जरा."

"काकी, मला अजून काय कळत नाय."

"नाय कळत तर नाय. बघ तरी."

मी अंगठ्याने दाबलं. कातडीत खळगा पडला आणि तसाच राहिला. तो का भरत नाही, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला परतले, पुस्तकं चाळली आणि बाबांना फोन करून काकीला पेणला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. मूत्रपिंडाचा आजार निघाला. औषधं वेळेवर मिळाली, काकी पुढे बरीच वर्षं जगली.

काकीसाठी पोरगी डॉक्टर झाली, असं गावात सांगतात. पण मी तिच्या काळजीने परतले, की 'मला कळत नाय' हे पुन्हा म्हणायची लाज वाटली म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही.