निळा कप

अमेरिकेत, नोव्हायमध्ये आमच्या शेजारी व्हिएतनामी काका-काकू राहायचे. मी सकाळी डबे भरायची तेव्हा त्यांच्या देशात संध्याकाळ, म्हणजे काकांची फुटबॉल मॅच. त्यांच्या काचेच्या कपाटात चहाचे इवलेसे कप होते. एक कप म्हणजे एक क्लब. वरच्या फळीवर पहिली लीग, खाली दुसरी, त्याखाली बाकीच्या. दर आठवड्याला काका गुणांप्रमाणे कप पुढेमागे करायचे. सीझन संपला की वरचा शेवटचा खाली, खालचा पहिला वर. एखाद्या कंपनीने क्लब घेऊन नाव बदललं, तरी कप तोच. टवका उडालेला निळा कप त्यांच्या गावचा.

"इथे लास्ट येऊनही टीम त्याच लीगमध्ये. हा काय गेम झाला?" काका चिडायचे.

काका गेले आणि कप हलतच राहिले. काकूंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी गाड्यांचे ब्रेक टेस्ट करणारी बाई. कारणाशिवाय काही हलत नाही, ही माझी पक्की समजूत. म्हटलं, दुःखात माणूस स्वतःच हलवतो नि विसरतो.

गेल्या हिवाळ्यात काकू ड्राइव्हवेच्या बर्फात पडल्या, कितीतरी वेळ तशाच. मुलगा टेक्ससला बोलावत होता. आठवडाभर त्याच्याकडे निघताना त्यांनी मला किल्ली दिली.

"मुलगा म्हणतो, शनिवारी सीझनची लास्ट मॅच आहे. निळा कप हलला नाही, तर घर विकून जाते. हलला, तर ते इथेच आहेत. त्यांना एकटं टाकून कशी जाऊ?"

शनिवारी त्यांच्या गावचा क्लब हरला आणि तळाला गेला. रविवारी मी दार उघडलं. निळा कप खालच्या फळीवर होता. वर धुळीत त्याचं गोल वळं तेवढं उरलेलं. किल्ली फक्त माझ्याकडे होती.

पण काकू पुन्हा बर्फात पडल्या तर? मी कप उचलला, वर त्या वळ्यात नेमका ठेवला आणि पळाले.

एअरपोर्टवरून आणताना सांगितलं, "काकू, नाही हलला." त्या खिडकीबाहेर बघत रडल्या. मलाही रडू आलं.

घरात शिरल्यावर त्या बूट काढून थेट कपाटापाशी गेल्या. निळा कप खाली होता.

"तू परत वर ठेवलास ना?" काकूंनी डोळे पुसले. "त्यांना चीटिंग अजिबात खपत नाही."

मग त्यांनी चहाचं आधण ठेवलं, तिघांपुरतं.