एक काना जास्त

पंखे दुरुस्त करणाऱ्या बाईंचा आवाज असा भरदार, की फोनवर त्यांना बाई म्हणून कुणीच ओळखत नसे. धंद्याच्या सुरुवातीला त्या बिचाऱ्या ‘बोलतेय’ म्हणायच्या, तर गिऱ्हाईक गोंधळून विचारायचं, "मिस्त्री नाहीत का?" शेवटी वैतागून त्यांनी एक काना वाढवला. "मिस्त्रीच बोलतोय!" धंदा झक्कास चालू लागला.

गेल्या महिन्यापासून मात्र शिडी चढली की त्यांचा जबडा दुखायचा, पाठ भरून यायची, दरदरून घाम सुटायचा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी नाडीला हातही न लावता निकाल दिला, "पित्त आहे. टेन्शन घेऊ नका." याच डॉक्टरांनी यजमानांना करपट ढेकर आली तेव्हा छातीला तारा चिकटवून हृदयाचा आलेख काढला होता. निघाला गॅस. तरी यजमान आठवडाभर गादीवर लोळत, "जरा हळू बोल, माझं हृदय आहे," असं बायकोला बजावत होते. जणू तिला हृदय नव्हतंच.

त्या दुपारी बाई घराच्या पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात, पंख्याची पाती पुसत होत्या. एकाएकी जबड्यातून हातात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली. यजमान आत घोरत होते. त्यांना उठवायचं म्हणजे पुन्हा पित्ताची गोळी! बाईंनी सरळ हॉस्पिटलला फोन लावला. घाबरल्या होत्या, आणि घाबरलेलं माणूस सवयीनंच बोलतं.

"बोलतोय... जबडा दुखतोय, घाम सुटलाय. उठायला जातो तर तोल जातो."

"काका, हलू नका! गाडी निघालीच!" पलीकडची सिस्टर ओरडली.

गाडी आली. आलेल्या दोघांनी दाराशी बसलेल्या बाईंना ओलांडून थेट आतला पलंग गाठला आणि झोपेतल्या यजमानांना स्ट्रेचरवर आवळून टाकलं.

"अहो, मला काही झालेलं नाही!"

"सगळे काका असंच म्हणतात."

"अरे, ठणठणीत आहे मी!"

"बोलू नका, हृदयावर ताण येतो."

बाईंना हसू आवरेना, आणि हसताना कळ सोसवेना. "अरे बाबांनो, सोडा त्यांना. फोनवरचा काका मी आहे!"

दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. यजमानांनी मात्र बायकोचा पांढराफटक चेहरा पाहिला. "मला उतरवा! आधी तिला घ्या!" ते किंचाळले. लग्न झाल्यापासून त्यांनी आपली जागा पहिल्यांदाच कुणाला दिली.

हृदयाची एक नस जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरीणबाईंनी ती वेळेत उघडली. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं त्यांनी यजमानांना तोंडावर सांगितलं, तेव्हा ते व्हरांड्यात बसून लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी फोनवरची सिस्टर खाटेपाशी आली. मान वर होत नव्हती.

"काकू, खरं सांगू? तुम्ही ‘उठायला जाते’ म्हणाला असतात ना, तर मीसुद्धा म्हटलं असतं, पित्त असेल, उद्या दाखवा."

बाईंना राग आला, चांगलाच आला. पण पोरगी निदान खरं बोलली होती. त्यांनी तिचा हात धरला.

"यापुढे फोनवर कुणी बाई बोलली ना," त्या म्हणाल्या, "की तिला काका समज."