साडूंची माणसाविना कादंबरी

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट मुद्द्यापासून सुरू केली नाही, आणि मुद्द्यापर्यंत नेल्याचाही पुरावा नाही. शहाद्याला कॉलेजात तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवून ते निवृत्त झाले. त्यांच्या मते गोष्ट सांगणारे दोनच जातीचे. एक रूपकवाला, तो एका वस्तूच्या जागी तिच्यासारखी दुसरी आणून बसवतो, चेहरा म्हटलं की चंद्र काढतो. दुसरा लक्षणावाला, तो माणसाला हातच लावत नाही. माणसाच्या शेजारचं सांगत जातो, चप्पल, खुर्ची, अर्धा उरलेला चहा, आणि माणूस आपोआप कळतो. उत्तर-आधुनिक कादंबरीत खरा कस या दुसऱ्याचा लागतो, असं ते पुरुषोत्तमनगरला आमच्या घरी येऊन सांगत. ऐकायला मी असे, कधी गॅस सिलेंडर घेऊन आलेला माणूसही असे.

हे वर्गापुरतं राहिलं असतं तर कुणाचं बिघडत नव्हतं, पण साडू तसं जगले. डॉक्टरांनी काय दुखतं म्हणून विचारलं तर यांनी आधी रिक्षा सांगितली, मग रिक्षाची सीट, मग सीटमधली स्प्रिंग, आणि कंबर यायच्या आत पुढच्या पेशंटचा नंबर लागला. 'सारखं' या शब्दाला त्यांच्या घरात बंदी होती. भाकरी कापसासारखी झालीय, असं मी एकदा बोलून गेलो. कापूस आणि भाकरी यांतला फरक ऐकेपर्यंत भाकरी गार झाली. म्हसावदच्या एका स्थळाची चौकशी मुलीच्या वडिलांनी यांच्याकडे केली, तेव्हा साडूंनी मुलाची विहीर, गोठा, मोटारसायकलचा आरसा आणि दारातला कडुनिंब असं तासभर तपशिलात सांगितलं. वडील शेवटी म्हणाले, "हाई बठ्ठं ठीक शे सर, पन पोऱ्या शे का नही?" पोरात काहीतरी खोट आहे, ती सर लपवताहेत, असा समज होऊन ते स्थळ मोडलं. ताई, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, हसत म्हणायच्या, "ह्यासले म्हसावदना रस्ता इचारा, त ह्या तोरणमाळ दखाडी आनतीन."

मागच्या हिवाळ्यात ताई गेल्या. त्यानंतर साडूंनी ताईंवर कादंबरी लिहायला घेतली. वर्षश्राद्धाच्या आदल्या दुपारी वही घेऊन आमच्याकडे आले. धाकटीला, म्हणजे माझ्या बायकोला, यात बहीण सापडली तर ठेवीन, नाहीतर चुलीत घालीन, असं त्यांनी जाहीर केलं. आमच्याकडे चूल नाही, पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

तासभर वाचन झालं. त्यात ओटा होता, दाराची कडी होती, दोरा बांधलेला चष्मा होता, ताई कुठेच नव्हत्या. बायको खाली मान घालून बसलेली. वही काही चुलीतून वाचत नाही असं मला वाटू लागलं, आणि साडूंनाही तसंच वाटत असावं, कारण त्यांचा आवाज लहान होत चालला होता. मग मिरचीचं पान आलं. लाल मिरच्यांनी भरलेलं सूप, शेजारी रिकामं पोतं, आणि खुडलेल्या देठांचा ढीग उजवीकडे.

बायकोने मान वर केली. "दाजी, देठं डावा आंगे पडेत. ताई डावरी व्हती."

साडू थांबले. चाळीस वर्षं त्या सुपाशेजारी बसून चहा प्यायलेला माणूस आपल्याच अक्षराकडे बघत राहिला. बहीण सापडली होती, वही वाचली होती, पण त्यांच्या तोंडावर आनंद काही दिसेना. मला त्यांचं फार वाईट वाटलं. त्यांनी 'उजवीकडे' खोडलं, वर 'डावीकडे' लिहिलं, आणि एरवी घरातही पुस्तकी मराठी बोलणारे साडू वही पुढे करून म्हणाले, "आखो काय काय चुकनं ते सांग, माय. मी तिले इसरी ऱ्हायनू."

बायकोने वही मांडीवर घेतली आणि पहिलं पान उघडलं.