आजबी चालू झाली न्हाई

बाजारात मेथीच्या जुडीवरून मी भाजीवालीशी वाद घालत होते, तेवढ्यात शेजारच्या सुरेखाचा फोन आला. "बाई, असाल तशा घरी या. अप्पा गाडीत बसल्या जागी कसेसेच झालेत." गाडी म्हटल्यावर जुडी तिथंच टाकली, आणि लगेच मी मनाशी म्हटलं, गाडी तर बंद आहे, बंद गाडीत माणसाला काय होणार... घरी पोचले तेव्हा अप्पांना ओट्यावर निजवलं होतं आणि डॉक्टर हात धुऊन निघाले होते. माझा नवरा असा गेला, निरोप न घेता. सात आठवडे झाले. जलदानविधी झाला, मुलगा प्रशांत पुण्याला कामावर परत गेला. आता शिरूरच्या या घरात मी आणि अंगणात ती लाल गाडी, अशा दोघी एकमेकींकडं बघत बसतो. दोघींपैकी एकीनं अप्पांना फसवलं होतं. ती गाडी नव्हे.

अप्पा रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते, आणि मी निमोण्याच्या शाळेत मास्तरीण. त्यामुळं घरात, गावात, सगळीकडं मी 'बाई'. नवरासुद्धा मला बाईच म्हणायचा. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना त्यांनी कंपनीतल्या एका इंजिनियरची जुनी गाडी घेतली. दिसायला घरंदाज, चार दारं, मागं भलीमोठी डिकी. पण पायाखाली जरा दाबलं की अशी उसळायची की माझा पदर मागच्या सीटवर. अप्पा म्हणायचे, "बाई, ह्या गाडीत दोन माणसं हायती. एक संसारी बाप, आन् एक उनाड पोरगं." त्या काळातली मी म्हणजे काय सांगावं! पहिल्याच दिवशी काळा चष्मा लावून मागच्या सीटवर ऐसपैस बसले आणि हुकूम सोडला, निमोण्यातून जाताना अगदी सावकाश चालवा. लोकांना दिसायला नको? पण गाडीचं पोट जमिनीला टेकलेलं. शाळेसमोरच्या स्पीडब्रेकरवर घासायला लागली तसे अप्पा म्हणाले, "बाई, उतरा खाली. तुमच्या वजनानं घासतीया." साऱ्या पोरांसमोर चष्म्यासकट उतरले, गाडी पुढं गेली, मी मागून चालत. पुढं कित्येक वर्षं तिथं उतरायचा माझा नेम झाला. पोरं आधीच येऊन उभी राहायची, बाई उतरतात कधी ते बघायला.

मला चालवायला शिकवायचंही अप्पांनी मनावर घेतलं होतं. तीन दिवस मैदानावर गेलो. तिसऱ्या दिवशी मी ब्रेक समजून भलतंच दाबलं आणि एका कडब्याच्या गंजीत गाडी बोनेटपर्यंत घुसवली. अप्पा पोट धरून हसले. मला राग आला. म्हटलं, मला काय ड्रायव्हर व्हायचंय? नवरा आहे की चालवायला! केवढा तो तोरा. त्या दिवशी खाली मान घालून शिकले असते, तर म्हातारपणी चोरी करायची वेळ आली नसती.

ती वेळ आली मागच्या वर्षी. दौंडला माझ्या भावाकडं निघालो होतो. न्हावऱ्यावरून चौफुल्याला यायचं आणि डावीकडं वळायचं. हजार वेळा केलेला रस्ता. अप्पांनी उजवीकडं घेतली. मला वाटलं, हायवे मोकळा दिसला, उनाड पोरगं जागं झालं असेल, मारू दे एक फेरी. गाडी अशी सुटली की मी वरचा दांडा धरून बसले. कासुर्डीच्या अलीकडं त्यांनी एकदम बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "बाई... आपण कुठं निघालो हुतो?"

चेष्टा नव्हती ती.

दौंडपर्यंत मी त्यांना पोरासारखं सांगत नेलं, आता सरळ, आता हळू. भावाच्या दारात दोघांनीही उशीर ट्रॅफिकवर ढकलला. पुढं डॉक्टरांनी नीट तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, विसरण्याची सुरुवात आहे, गाडी हातात देऊ नका. मी तसं एकदा बोलून पाहिलं. अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी किल्ली घेऊन उठले. मग मी प्रशांतला फोन लावला. त्यानं व्हिडिओ कॉलवर बोनेटखालचा फ्यूजचा डबा दाखवायला लावला आणि म्हणाला, "आई, तो निळा फ्यूज आहे ना, कडेचा? तेवढा उपटून घे. पेट्रोलचा पंपच चालणार नाही." उपटला. नखाएवढी वस्तू. शाळेतली माझी जुनी कंपासपेटी आहे, तीत टाकला.

त्या दिवसापासून रोज चहा झाला की अप्पा बोनेट उघडायचे. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून ऐकायचे. कारखान्यातली मशिनं ते अशीच ऐकायचे. तास दीड तासानं आत यायचे, हात धुवायचे आणि म्हणायचे, "आजबी चालू झाली न्हाई." मी म्हणायची, असू द्या, उद्या बघा. किती सहज म्हणायची! शाळेत कुणाचं खोटं पकडलं की मी त्याला बाकावर उभं करत असे.

एका संध्याकाळी हात न धुताच खाटेवर बसले. ग्रीसनं काळे झालेले पंजे मांडीवर उताणे टाकून म्हणाले, "बाई, माझं डोकं गेलं बगा. आख्खी जिंदगी लोकांच्या मशिनी चालू केल्या, आन् दारातली गाडी मला कळंना. कासुर्डीला जे झालं ते खरंच हाय म्हणायचं."

कंपासपेटी माझ्यापासून दोन हातांवर होती... मी उठले आणि चहा टाकला.

थंडी सरल्यावर मात्र ते निवळले. कुरकुर थांबली. हात धुता धुता शीळ घालायचे आणि तेच वाक्य जवळपास खुशीत म्हणायचे. मला वाटलं, आजार पुढं सरकला, आता दुःखसुद्धा विसरायला लागले. ते गेल्यावर जलदानविधीच्या दिवशी प्रशांत सहज बोलून गेला, "आई, अप्पांनी फ्यूज बघितलाच नसेल का गं? गाडी बंद पडली की आधी फ्यूज बघायचा, हे मला त्यांनीच शिकवलेलं." तो गेला निघून, आणि हे वाक्य माझ्यापाशी राहिलं. पहिला धडाच विसरले असतील, तर त्यांचं डोकं खरंच गेलं होतं, आणि त्या रिकाम्या होत चाललेल्या डोक्याला मी वर्षभर खोटं कोडं घालून ठेवलं. जेवताना तेच, निजताना तेच.

मागच्या आठवड्यात कंपासपेटी घेऊन अंगणात गेले. ज्याचं त्याला परत करावं, एवढंच मनात. बोनेट उघडलं, डब्याचं झाकण काढलं. कडेच्या खाचेत निळा फ्यूज होता. कोरा, चकचकीत. मी उपटलेला माझ्या हातात.

कुंपणापलीकडं सुरेखा कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, "सुरेखा, त्या दिवशी अप्पा गाडीत होते, तेव्हा गाडी..."

"चालूच हुती की! मीच तर किल्ली फिरवून बंद केली. तुम्ही बाजाराला गेला का दर येळी चालू करायचे. दहा मिन्टं नुस्तं बसून ऐकायचे, फाटकाभायेर कवा नेली न्हाई. मला म्हणायचे, बाईला सांगू नगंस, तिला चोरी पचलीया, पचू दी."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुमच्या दोघांची कायतरी गंमत आसंल. तुमचं काय, रोजच चालायचं."

आता माझं गणित अडलंय ते त्या एका संध्याकाळपाशी. 'माझं डोकं गेलं' म्हणाले, ते फ्यूज सापडायच्या आधी की नंतर? नंतर असेल, तर म्हाताऱ्यानं माझी फिरकी घेतली, आणि घेतली असेल तर मी आनंदानं गिऱ्हाईक व्हायला तयार आहे. पण ते न धुतलेले हात मी पाहिलेत. ते बोलणं आधीचंच असणार. मग सापडल्यावरही त्यांनी मला पकडलं का नाही? गाडी सोडायची होती, पण भीती वाटते असं बायकोला सांगायचं नव्हतं, म्हणून माझ्या खोट्याचा आडोसा घेतला? की मला माफ केलं? विचारायची सोय राहिली नाही.

प्रशांत म्हणतो, विकून टाकू, अशा जुन्या गाडीचे आता भाग मिळत नाहीत. मी अजून हो म्हटलेलं नाही. बाजाराच्या दिवशी मी बाजाराला जात नाही. पुढच्या सीटवर, त्यांच्या जागेवर बसते. पाय पोचत नाहीत, गिअर सुटा आहे ना तेवढं बघते आणि किल्ली फिरवते. एका फिरवण्यात चालू होते, उनाड पोरासारखी. दहा मिनिटं ऐकते. मला त्यातलं काही कळत नाही, तरी ऐकते. मग बंद करून आत येते, हात धुते... आणि खोटं सांगायला घरात कुणी नसतं.