अडकलेलं स्ट्रेचर

शेजारच्या काकूंचा डबा घेऊन रुग्णालयात गेलो, तेव्हा अपघात विभागासमोर एक रुग्णवाहिका मागचं दार उघडं टाकून उभी होती. आत स्ट्रेचरची जागा रिकामी. पायरीवर बसलेली पॅरामेडिक फोनवर सांगत होती, "सर, त्या छातीत दुखणाऱ्या आजोबांकडे निघायचंच आहे. पण आमचं स्ट्रेचर आत अडकलंय. आधीचा पेशंट त्याच्यावरच आहे, खाट मिळत नाहीये."

पलीकडचा आवाज चढला असावा, कारण तिनं फोन कानापासून लांब धरला. "मग काय पेशंटला जमिनीवर ठेवू?" असं ती म्हणाली, पण फोन बंद केल्यावर.

सायरन ऐकला की आपण गाडी बाजूला घेतो आणि आपलं काम झालं असं समजतो. खरा रस्ता अडतो तो इथं, दाराच्या आत, जिथं हॉर्न वाजवून काही होत नाही. आणि बोलणी खाते ती, जिच्या हातात ना खाट आहे ना कुणाला विचारायची सोय. उशीर झाला की आजोबांच्या घरचेही हिच्याच अंगावर धावून येणार.

डबा देऊन परतलो तेव्हा स्ट्रेचर सुटलं होतं. ती घाईघाईनं ते पुसत होती. चालकानं गाडी सुरू करून सायरनकडे हात नेला, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं ऐकून फोन खिशात टाकला.

"दादा, सायरन राहू दे," ती म्हणाली. "आता घाई नाही."

आणि स्ट्रेचर पुसत राहिली.