जनाभाऊंच्या नावावरची नोंद

जनाभाऊ गेल्याची बातमी सकाळी साडेसातला माझ्या मोबाइलवर आली आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. गोदामातल्या जुन्या लोकांचा आमचा एक ग्रुप आहे. त्यात पाठोपाठ अकरा जणांनी हात जोडले होते. कोणी फुलं टाकली होती, कोणी फोटो मागत होतं. वर सरकवत गेले तेव्हा कळलं की मूळ बातमी एकाच माणसाची होती, आणि त्यालाही ती खर्डी स्टेशनवर कोणीतरी सांगितली होती. बाकीचे सगळे त्याच्यावर विसंबलेले. अशा वेळी भाऊ म्हणायचे, “हंडे अकरा असतील, विहीर एकच हाय.” मी त्यांच्या घरी फोन लावला. सुलोचनावहिनींनी उचलला आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, “खरं हाय गो. पहाटेच गेले.”

शहापूरच्या पुढे महामार्गाला लागून औषधांचं एक मोठं गोदाम आहे. कल्याणपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंतच्या दुकानांना माल तिथून जातो. मुरबाडहून मी तिथे नोकरीला लागले तेव्हा स्टॉकचा कारभार जनाभाऊंकडे होता. त्याआधी ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला आणि चाळिशी ओलांडलेल्या या माणसाने कॉम्प्युटरचा क्लास लावला. वर्गात सगळी कॉलेजची मुलं आणि हे एकटे, चष्मा नाकावर घेऊन. पुढे ते कॉम्प्युटर उत्तम चालवायला शिकले, पण त्याच्यावर विश्वास ठेवायला कधी शिकले नाहीत. खरं तर विश्वास ते कशावरच ठेवत नसत. खोक्यावर चाळीस लिहिलेलं असलं तरी खोकं फोडून मोजायचे आणि मगच सही करायचे. गाड्यांचे ड्रायव्हर चिडायचे. भाऊ त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

मग कंपनीने सगळी माहिती एकत्र आणायचं ठरवलं. तोवर दुकानदारांच्या मागण्या एका क्लाउड सेवेवर यायच्या. माल किती शिल्लक आहे, हे गोदामाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला ठाऊक असायचं. कुठली गाडी काय घेऊन कुठे पोचली, हे ड्रायव्हरच्या मोबाइलवरून तिसऱ्याच एका सेवेकडे जायचं. तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. एकच औषध एकीकडे कंपनीच्या नावाने, दुसरीकडे आतल्या घटकाच्या नावाने, तर तिसरीकडे नुसत्या आकड्याने नोंदलेलं. ही तिन्ही जोडायचं काम बाहेरच्या एका फर्मला दिलं होतं, आणि जुळणी बरोबर होते की नाही हे बघायला आम्ही दोघं होतो, भाऊ आणि मी. पहिल्याच आठवड्यात प्रोग्रामने कमी आणि जास्त ताकदीच्या दोन गोळ्या एकच धरल्या होत्या. मला ते दिसलं नव्हतं. भाऊ उठून रॅककडे गेले, दोन्ही पाकिटं आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “ह्या दोन गोळ्या एकच असतील, तर तुझ्या आईला कुठली देशील?” त्यानंतर मी प्रत्येक ओळ दोनदा बघायला लागले. निदान मला तसं वाटत होतं.

चार महिन्यांनी जोडणी पुरी झाली. पडद्यावर सगळीकडे हिरव्या खुणा आल्या. मुख्य कार्यालयातून साहेब आले, पेढे वाटले गेले. भाऊंनी पेढा खिशात टाकला आणि मला म्हणाले, “तीन ठिकानचा हिशोब एवढा तंतोतंत जुळतो कसा गो? माझ्या घरातली दोन घड्याळं जुळत नाय.” मला राग आला होता. चार महिने डोळे फोडून काम केलं, ते जुळलं तर त्यातही या माणसाला खोट दिसते!

त्यांच्या संशयाला आधार मिळाला तो पुढच्या पावसाळ्यात. लहान मुलांच्या तापाच्या एका सिरपची एक बॅच बिघडलेली निघाली. त्यात औषधाचं प्रमाण प्रमाणाबाहेर जास्त झालं होतं. बनवणाऱ्या कंपनीने ती ताबडतोब परत मागवली. आम्ही बॅचचा नंबर टाकला आणि पडद्याने क्षणात दुकानांची यादी दिली. सगळी दुकानं शहापूर-कल्याणकडची होती. दोन दिवसांत त्यांच्याकडून बाटल्या परत आल्या. माळशेजकडे, टोकावड्याच्या बाजूला त्या बॅचची एकही बाटली गेली नसल्याचं पडदा सांगत होता. साहेबांनी शाबासकी दिली. भाऊ मात्र यादीकडे बघतच राहिले. त्या आठवड्यात टोकावड्याची गाडी त्यांनी स्वतः भरून घेतली होती, आणि त्यात ते सिरप होतं, हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं.

त्यांनी मला विचारलं, जुळणीच्या नियमांना मी हात लावला होता का. मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले तर सिस्टीम मला आत घेईना. चौकशी केल्यावर कळलं, की भाऊंनी माझे अधिकार काढून घ्यायला लावले होते आणि जोडणीत कोणी, कधी, काय केलं त्याची यादी मुख्य कार्यालयाकडे मागितली होती. मला न सांगता. तीन वर्षं ज्या माणसासोबत डबा खाल्ला, त्याने मला चोरासारखं वागवावं, हे मला फार लागलं. त्या दिवशी मी माझा डबा घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन बसले.

दुपारी भाऊ स्कूटर घेऊन केबिनपाशी आले आणि म्हणाले, “चल.” कुठे, हे सांगितलं नाही. किन्हवली मागे पडलं, सरळगाव आलं, तरी स्कूटर थांबली नाही. मला सोबत का घेतलं, ते मला नीट ठाऊक होतं. ते नसताना मला ऑफिसात कॉम्प्युटरपाशी एकटीला ठेवायचं नव्हतं.

टोकावड्याच्या औषधाच्या दुकानात भाऊंनी सिरपचं खोकं खाली उतरवायला लावलं. बाटली उलटी करून तळाचा नंबर वाचला आणि माझ्या हातात दिली. तीच बॅच होती. खोक्यात एक बाटली कमी होती. दुकानदाराने आठवून सांगितलं, काल संध्याकाळी पलीकडच्या पाड्यावरची एक बाई पोरीसाठी घेऊन गेली.

आम्ही स्कूटर रस्त्यावरच ठेवली आणि बांधाबांधाने चालत निघालो. घर सापडलं. बाई दारात तांदूळ पाखडत होती. पोरीला तीन वेळा औषध दिलं होतं, ताप उतरला होता आणि आता ती छान झोपली होती, असं तिने समाधानाने सांगितलं. भाऊंनी पायताण काढलं, आत गेले आणि पोरीला हाक मारली. ती उठेना. चार वर्षांची असेल. त्यांनी तिला उचललं, आणि आम्ही तिघं धावत रस्त्याला लागलो. मिळाली त्या जीपने सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बाटली बघितली, भाऊंनी दाखवलेलं, बॅच परत मागवल्याचं पत्र वाचलं आणि पुढच्या कामाला लागले. पोरीला मुरबाडला न्यावं लागलं. सोबत आम्हीही गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले आणि आईकडे पाणी मागितलं. तोवर भाऊ त्या बाकावरून उठले नव्हते. ती बरी आहे असं नर्सने दोनदा सांगितलं होतं, पण त्यांना पोरीचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.

पुढच्या आठ दिवसांत सगळं उघड झालं. टोकावड्यापासून पुढे घाटाकडे मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे तिथल्या मालाची नोंद बॅच नंबराशिवायच यायची. रिकामी जागा दिसली की तिथे आधीच्या बॅचचा नंबर आपोआप भरायचा, असा एक नियम जोडणीत होता. म्हणून सगळं जुळत होतं. असे नियम फर्मने सुचवायचे आणि आमच्यापैकी कोणीतरी ‘मंजूर’ करायचे, अशी पद्धत होती. हा नियम कोणी मंजूर केला होता, ते मागवलेल्या यादीत होतं.

त्या रविवारी भाऊ मुरबाडला आमच्या घरी आले. आईने पुढे केलेली खुर्ची घेतली नाही. उभ्यानेच म्हणाले, “यादीत माझंच नाव निघालं. मीच मंजूर केलाता. साहेबांना लिहून दिलं.” मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणाले, “तुझ्यावर संशय घेतला, त्याची माफी नाय मागायचो. ते माझं कामच हाय. पन तुला तोंडावर सांगाया पायजे होतं. ते चुकलं.” आणि निघाले. चहासुद्धा घेतला नाही.

त्यांना त्या कामावरून काढून गोदामाच्या गेटवर बसवलं. गाड्यांची आवक-जावक बघायची. त्यांची खुर्ची मला मिळाली. निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं ते गेटवर होते. रोज सकाळी आत जाताना मी हात करायचे, तेही करायचे. माझ्या मनात एक शंका तेव्हाही होती. ओळ न् ओळ फाडून बघणारा हा माणूस असला नियम मंजूर करेलच कसा? एकदा मी विचारलंसुद्धा. “यादी सांगते ते यादी सांगते,” एवढंच बोलून ते समोरच्या गाडीकडे वळले. मला आणखी विचारता आलं असतं. रजेचं रजिस्टर माझ्याच कपाटात होतं, ते उघडता आलं असतं. मी उघडलं नाही. का नाही, हे आज मला कळतं.

दिवसकार्य झाल्यावर मी खर्डीला गेले. वहिनी मोबाइलमधले फोटो दाखवत होत्या, भिंतीवर लावायला एखादा चांगला हवा होता म्हणून. एका फोटोत भाऊंच्या दोन्ही गालांना हळद फासलेली होती आणि ते मोठ्याने हसत होते. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. फोटोखालच्या तारखेवर नजर गेली आणि मी ती पुन्हा वाचली. साहेबांना दिलेल्या त्या कबुलीत नियम मंजूर केल्याची जी तारीख होती, ती मला पाठ आहे. तीच होती. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, तानशाला भावाच्या मुलीची हळद होती, सकाळपासून भाऊ तिथेच होते, पातेली उचलत होते. दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर काढलं. त्यांची रजा होती. त्यांचा कॉम्प्युटर मात्र मी वापरायचे, कारण माझा सारखा बंद पडायचा, आणि त्यांचं लॉगिन त्यावर उघडंच असायचं. मला ती दुपार पुसट आठवते. फर्मचा माणूस फोनवर एकेक नियम वाचत होता, मी ‘मंजूर’, ‘मंजूर’ करत होते. नाव कोणाचं लागतंय, हे बघितलंही नव्हतं…

यादी हातात आली त्या क्षणी भाऊंना हे कळलं असणार. आपण त्या दिवशी कुठे होतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं, की ती नोंद त्यांच्या नावावर असली तरी चूक माझी होती, आणि ती दुरुस्त करावी. उत्तर सभ्य होतं. ती जुनी सेवा आता बंद झाली आहे, नवीन सेवेत तेवढ्या मागच्या याद्या आणलेल्या नाहीत, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखं काही शिल्लक नाही. गोदामातल्या माणसांच्या आठवणीत मात्र आहे. भाऊंच्या हलगर्जीने पोर मरता मरता वाचली, असं आजही तिथे बोललं जातं. म्हणून हे इथे लिहिते आहे.

छापायला देण्याआधी वहिनींना वाचून दाखवायला गेले. स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे खरंच तुझ्या हातनं झालं, का आता ते गेले म्हनून तू अंगावर घेतेस?” मी रजिस्टरच्या पानाचा मोबाइलवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन, बोटाने ओळ धरून वाचला. मान हलवली. उठून चहाचं आधण ठेवलं. फळीवर स्टीलचे सारखे डबे ओळीने होते, एकावरही नाव नव्हतं. नावं लिहिलेली भाऊंना चालत नसत, उघडून बघावं म्हणायचे. वहिनींनी एक डबा काढला, चार पांढरे दाणे जिभेवर ठेवले, क्षणभर थांबल्या, आणि मग दोन चमचे साखर आधणात टाकली.