डाव्या हाताची फेक

“मागं सरळ होऊ द्या, मास्तर!” हे हवालदारांचं पालुपद. गळाच्या काठीची दोरी पाठीमागं हवेत पुरती ताणली गेल्याशिवाय पुढं फेकायची नाही. तेवढा वेळ ते दगडासारखे थांबत.

कुंडलजवळच्या एका गावात मी नवा शिक्षक होतो आणि हवालदार माझे शेजारी. दुसऱ्या महायुद्धाआधी ते एका गोऱ्या साहेबाचे ऑर्डर्ली होते. गळाला पिसं बांधून नकली माशी करायची आणि ती लांब पाण्यावर अलगद टेकवायची, ही विद्या साहेबाचीच. पुढं साहेबाची बदली पूर्वेकडच्या आघाडीवर झाली आणि इटलीत हवालदारांचा उजवा खांदा निकामी झाला. साहेबाला त्याचा पत्ता नव्हता. आता तो कायमचा विलायतेला निघाला होता. त्याचं टाइप केलेलं पत्र मीच वाचून दाखवलं. ‘रत्नागिरीला ये. एकदा समुद्रात आपण दोघं मासे धरू.’ हातात दहा दिवस होते.

“हात गेल्याचं कळवून टाका की,” मी म्हणालो.

“आन् त्यानं कीव करावी व्हय? डावा हाय अजून.”

रोज संध्याकाळी त्यांच्या घरामागच्या खळ्यावर परात ठेवायची आणि दोरीला बांधलेलं नुसतं पीस तिच्यात पाडायचं. होडी हलते, म्हणून हवालदार धान्य वारवायच्या तिपायी वावडीवर उभे राहत आणि मी खाली बसून ती हलवी. मॅट्रिकला इंग्रजीत पहिला आलेला मी, समुद्राचं काम करत होतो.

“मास्तर, लाट हाय का पाळणा? जोरात!”

“परात घासून द्या माजी!” माळकरी हवालदारीणबाई आतून ओरडत. “माशाचं नाव न्हाई पायजे ह्या घरात!”

आठ दिवस पीस परातीत पडलं नाही. हवालदारांचं जेवण तुटलं, बोलणंही. नवव्या दिवशी त्यांनी खरा गळ बांधला. “वजन कळाय पायजे.”

मी लाट दिली. सूं आवाज झाला आणि गळ माझ्या कानाच्या पाळीत रुतला.

“हलू नगासा!”

एक हिसका बसता तर कान गेलाच होता. दोरी सैल धरून ते इंच इंच खाली उतरले. गळ काढताना त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता. मग दोरी गुंडाळू लागले. “न्हाई जात मी.”

मी रक्ताळलेला रुमाल कानावर दाबला आणि दुसऱ्या हातानं वावडी धरली. “चढा, हवालदार. एक कान शिल्लक आहे.”

ते चढले. थांबले. परात टण्णकन वाजली.

चार दिवसांनी रत्नागिरीहून परतले ते थेट माझ्या उंबऱ्यावर येऊन बसले.

“सायबाला दिसत न्हाई, मास्तर. जपान्यांच्या कैदेत डोळं गेलं.”

“म्हणजे हाताचं कळलंच नाही?”

“पैल्याच फेकीला कळलं. दोरीचा आवाज आयकला आन् म्हनला, हवालदार, डावा?”

मी मास्तरी प्रश्न विचारला, “मासे किती मिळाले?”

“मासं कुटलं? त्यो म्हनला, टाक. मी टाकत ऱ्हायलो. सांजपतर त्यो आयकत बसला.”